समोसा-तर्रीवर बोर्ड लागले, पण घरच्या ताटाचं काय? "घरचं म्हणजे हेल्दी" हे मला पटत नाही

अजनीवाला:
२०२५ च्या जुलैत आपल्या नागपूरच्या एम्सचं नाव देशभर गाजलं होतं, आठवत असेल. समोसा-जिलेबीवर आता सिगरेटच्या पाकिटासारखी वॉर्निंग येणार अशी बातमी पसरली आणि लगेच सरकारचा खुलासा आला की विकणाऱ्यांच्या मालावर कुठलंही लेबल लावायचं नाही, फक्त ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, लॉबीत, मीटिंग रूममध्ये कशात किती तेल-साखर असते ते सांगणारे बोर्ड लावा, एवढंच आरोग्य मंत्रालयाच्या पत्रात आहे. पण तेव्हापासून आमच्या ऑफिसात, बिल्डिंगच्या ग्रुपवर, नातेवाइकांत एकच सूर चालू आहे, बाहेरचं बंद करा, घरचं खा, सगळं ठीक होईल.

मला हे पटत नाही. बाहेरचं चांगलं आहे असं मी म्हणून नाही राहिलो. पण बाहेर आपण आठवड्यातून एक-दोनदा खातो आणि घरी रोज तीनदा, मग शरीर कशाने घडते किंवा बिघडते याचा हिशोब कुठे लावायचा?

माझ्या बाबांचं सांगतो. आयुष्यभर पोस्टात नोकरी, हॉटेलात जाणं नाही, तंबाखू नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. सकाळी गोड चहा आणि चार-पाच बिस्किटं, नाश्त्याला पोहे, जेवायला तीन पोळ्या, आलूची रस्साभाजी, मग परातभर वाटावा इतका भात आणि त्यावर पातळ वरण, वाटीच्या तळाशी डाळ जेमतेम दोन चमचे. दुपारी पुन्हा चहा-बिस्किट, संध्याकाळी चिवडा, रात्री तेच ताट. चतुर्थीला साबुदाण्याची उसळ. रिटायर झाल्यावर रिपोर्ट काढला तर एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा आकडा, ८ च्या वर. डॉक्टरांनी विचारलं बाहेरचं किती खाता, तर आई म्हणाली कधीच नाही हो, सगळं घरचंच. आणि ती खरं बोलत होती.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये नवीन मार्गदर्शिका काढली, तिच्यात २००० कॅलरीचं दिवसभराचं ताट दिलंय. धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्य ८५, भाज्या ४००, फळ १००, दूध-दही ३०० मिली, तेल २७ ग्रॅम. आता चार जणांच्या घरासाठी गुणून पहा, रोज ३४० ग्रॅम डाळ आणि १ किलो ६०० ग्रॅम भाजी, म्हणजे आठवड्याला अकरा किलोच्या वर भाजी! आणि मी तर म्हणतो त्यात आलू धरूच नका, तो स्टार्चच आहे, त्याची जागा पोळी-भाताच्या रांगेत. बुधवार बाजारातून आपल्या किती घरांत एवढी भाजी येते सांगा. त्याच मार्गदर्शिकेत लिहिलंय की देशातल्या एकूण आजारांच्या ओझ्यापैकी ५६.४ टक्के चुकीच्या आहाराशी जोडलेलं आहे. हे सगळं काही समोशाने नाही झालं.

ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा, मला खरंच चर्चा पाहिजे.

महालची लेक:
दादा तुमचं अकरा किलोचं गणित वाचलं. आता पुढचं गणित मी सांगते. ती अकरा किलो भाजी निवडायची, धुवायची, चिरायची कोणी? मेथीची एक जुडी नीट निवडायला अर्धा तास जातो, पावसाळ्यात तर एकेक पान पाहावं लागतं. सकाळी पावणेसातला डब्बे भरून मी साडेआठला ऑफिसात असते. आलू का होतो घरोघरी? कारण तो दहा मिनिटांत शिजतो, पोट्टे खातात आणि आठवडाभर टोपलीत टिकतो.

तुम्ही "घरचं ताट" म्हणता तेव्हा ते ताट आपोआप वाढलेलं असतं असं वाचताना वाटते. त्या ताटामागे एक बाई उभी असते, आणि आता शुगर वाढली तर तो दोषही तिच्याच माथी? तुमच्या आईने बाबांना आवडते तेच दिलं असणार न. भात कमी वाढला असता तर बाबांनी ऐकून घेतलं असतं काय?

बाहेरच्यांवर बोर्ड लावणं सोपं नाही पण करता येते. घरातल्या बाईवर बोर्ड लावू नका.

अजनीवाला:
ताई, आईला दोष द्यायचा माझा हेतू नाही. उलट माझं म्हणणं असं की घरातल्या पुरुषांनी भाजी निवडायला बसावं. मी बसतो. पण "घरचं आहे म्हणजे चांगलंच" हे वाक्य मोडल्याशिवाय कोणी ताटाकडे पाहतच नाही, माझा राग त्या वाक्यावर आहे. आणि भात कमी वाढला असता तर बाबा चिडले असते हे खरंय, म्हणून तर हे सगळ्या घराने बोलायचं, एकटीने नाही.

इतवारीचे काका:
नमस्कार मंडळी. वय ७१, तीन पिढ्या इतवारीत. अजनीवाले भाऊ, तुम्ही जे ताट सांगितलं ते आपलं ताटच नाही. तीन पोळ्या अन् भाताचा ढीग हे कधीचं? माझ्या लहानपणी घरी ज्वारीची भाकर, तुरीचं घट्ट वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, वांग्याचं भरीत, कधी पाटोडीचा रस्सा. गहू सणासुदीला. उन्हाळ्यात पन्हं अन् ताक. आंब्या बहाराची संत्री आली की पोट्टे टोपलीभर सोलून खात, त्याचा ज्यूस कोणी करत नव्हतं. बिस्किट फक्त आजारी माणसाला. तेव्हा घरचं खाणं म्हणजे हेल्दी हे वाक्य खरंच होतं अन् आजही आहे, फक्त घरात घरचं शिजलं पाहिजे. तुमच्या बाबांचं बिस्किट घरात आलं म्हणून ते घरचं झालं काय जी?

लोक सावजीलाही नावं ठेवतात, तिखट, तेलकट, पोट जाळते. गोळीबार चौक, पाचपावलीकडच्या हलबा कोष्टी लोकांचं ते खाणं, जवसाच्या तेलात, घरी वाटलेल्या मसाल्याचं. दिवसभर हातमागावर बसणारे लोक होते ते. त्यांना काही शुगर झाली नाही.

मिहान नाईटशिफ्ट:
काका आदर ठेवून बोलतो, पण "त्यांना शुगर झाली नाही" हे कोणी मोजलं होतं? तेव्हा तपासणीच कोणाची होत नव्हती, माणूस गेला की वय झालं म्हणायचे. आणि झाली नसेल तरी कारण तुम्हीच सांगून दिलं, मागावर दिवसभर हात-पाय चालायचे. एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली, तिथल्या कामगाराची एक पाळी आणि माझी एक पाळी यात काय साम्य आहे? आज त्याच जागेवर एम्प्रेस मॉल उभा आहे आणि आपण तिथे एस्कलेटरने वर जातो. तेल तेच, मसाला तोच, पण जाळणारं शरीर ते राहिलं नाही.

आता मूळ मुद्दा. अजनीवाले भाऊ, "बाहेर आठवड्यातून एक-दोनदा" हे तुमच्या पिढीचं असेल. माझ्या टीमचं सांगतो, रात्री साडेदहाला डिनर ब्रेक, कोणी बर्गर मागवते, कोणी बिर्याणी, सोबत कोल्ड्रिंक. त्याच्या १०० मिलीमध्ये १० ग्रॅमच्या वर साखर असते, अडीचशेची एक बाटली म्हणजे पंचवीसच्या वर, तिथेच दिवसभराची साखर संपली. पहाटे तीनला मॅगी किंवा चिप्स. सकाळी घरी जाताना रस्त्यावर तर्री पोहे. घरचं ताट आमच्या नशिबी रविवारी. आमच्यातल्या पंचविशीतल्या पोट्ट्याला फॅटी लिव्हर निघालं, दारूचा थेंब घेत नाही तो. त्याच्या आईच्या वरण-भाताने झालं काय ते? म्हणून बोर्ड पाहिजेत, आणि ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये तर सगळ्यात आधी पाहिजेत. तुमचा मुद्दा माझ्या वयाच्या लोकांना लागूच होत नाही.

ठेल्यावरचा पोट्टा:
सगळे बाहेरच्याले बोलून राहिले म्हणून लिहितो. आमचा पोह्याचा ठेला आहे, बाबा पहाटे साडेतीनले उठतात. काळा चना आदल्या रात्री भिजवतो, सकाळी शिजवून तर्री करतो. एका प्लेटमधी पोहे असतात, वरून चने, कांदा, सांबार म्हणजे कोथिंबीर, लिंबू. आता सांगा, घरच्या नुसत्या पोह्यात चने कोण टाकते? कोणीच नाही. प्रोटीनच पाहायचं तं आमची प्लेट घरच्या पोह्याले मागे टाकते.

तेलाचं खरं सांगतो. तर्रीवर लाल तवंग नसला तं गिऱ्हाईक म्हणते आज मजा नाही आली. आम्ही मुद्दाम नाही टाकत, लोक मागतात. ज्याले नको त्याने सांगावं "दादा वरची तर्री कमी, खालून चने जास्त द्या", आम्ही हसत देतो, आमचं काही जात नाही. बाबा तं रोज येणाऱ्या म्हाताऱ्या काकांले न सांगता तसंच देतात.

तळणीच्या कढईचं वेगळं आहे. आलुबोंडा, मुंगवडा, समोसा विकणाऱ्यायचं तेल पहा मग बोला. तेल उरलं की फेकत नाही, दुसऱ्या दिवशी त्यातच नवीन ओततात. मी नाव नाही घेत कोणाचं. पण तेल काळपट झालं, घट्ट चिकट झालं, बोंडा टाकला की फेस वर येऊन खाली बसत नाही, धूर लवकर निघतो, तं तिथून निघून जायचं. सरकारचा नियम आहे २०१८ पासून, तळून तळून तेलात जे खराब घटक तयार होतात ते २५ टक्क्यांच्या वर गेले तं ते तेल वापरता येत नाही. पण ठेल्यावर मोजायले मशीन कोणाजवळ आहे?

लॅबवाली:
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, रोज सकाळी उपाशीपोटी आलेल्या लोकांचं रक्त घेते, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे. थोडं लांबेल.

एचबीएवनसी म्हणजे काय ते आधी, कारण लोक घाबरतात पण समजून घेत नाहीत. रक्तातली साखर लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटते, पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून ही टेस्ट मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब सांगते. ५.७ ते ६.४ म्हणजे काठावर, ६.५ पासून डायबेटिस. आदल्या दिवशी मेथी खाऊन किंवा एक दिवस उपास करून हा आकडा बदलत नाही, आणि हो, रविवारी एकदा समोसा खाल्ल्यानेही तो फारसा हलत नाही. रोजच्या ताटाने हलतो. इथे मी अजनीवाल्या दादांच्या बाजूची आहे. आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीत देशात १० कोटींच्या वर डायबेटिसचे आणि १३.६ कोटी काठावरचे लोक निघाले. या काठावरच्या बहुतेकांना काही त्रास होत नसतो, ते लॅबमध्ये येतात ते इन्शुरन्ससाठी किंवा ऑपरेशनच्या आधी म्हणून.

पण दादा, तुम्ही बाहेरच्याला जरा जास्तच सोडून दिलं. तळलेल्या तेलाचं नुकसान एचबीएवनसीत दिसत नाही, ते कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टमध्ये आणि पुढे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दिसते. एका रिपोर्टवरून सगळ्या खाण्याला पास करता येत नाही. मिठाचंही तसंच. दिवसाला पाच ग्रॅम म्हणजे सपाट एक चमचा मीठ पुरे, आणि शेव, फरसाण, लोणचं, पापड, पाकिटातले मसाले यात ते न मोजता पोटात जाते. बीपीला कोणी चव विचारत नाही.

आणखी एक. बारीक माणसं म्हणतात मला काय होते. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी स्वतःचा आणि डॉ. युडकिन या इंग्लंडच्या डॉक्टरांचा फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या जर्नलमध्ये छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपली चरबी पोटात, लिव्हरभोवती साठते, हातापायावर दिसत नाही. म्हणून वजनाआधी कंबर मोजा, पुरुष ९० सेंटिमीटर, बायका ८०, याच्या वर गेली तर लक्ष द्यायचं. मिहानवाल्या दादाचा तो मित्र बारीकच असेल असं मला वाटते.

मिहान नाईटशिफ्ट:
बारीकच आहे ताई, फक्त पोट पुढे.

दोन वेळा जेवणारा:
तुम्ही सगळे काय खावं यावरच भांडून राहिले, किती वेळा खावं हे कोणी बोलतच नाही. आपल्याच नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार सांगून गेले, आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रभर पोचवलं, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा. तोंडात काही टाकलं की इन्सुलिन सुटते, मग चहा-बिस्किट असो की चिवडा असो. दिवसातून सात-आठदा इन्सुलिन सुटत राहिलं तर शरीराला साठवलेली चरबी वापरायची पाळीच येत नाही. अजनीवाल्यांच्या बाबांची यादी मोजा, सहा वेळा खाणं आहे. ताट बदलण्याआधी मधलं खाणं बंद केलं असतं तर अर्धं काम झालं असतं. मी करून राहिलो, कंबर उतरली, फ्रेश वाटते, आणि यात बायकोला एक मिनिट जास्तीचं काम नाही. महालच्या ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे.

लॅबवाली:
दादा, तुम्हाला मानवलं तर चांगलंच आहे आणि मधलं चहा-बिस्किट सुटलं याचा फायदा खराच आहे. पण एक गोष्ट इथे स्पष्ट लिहिते, कारण वाचणाऱ्यात कोणाच्या तरी घरी गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल. काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता जेवणं कमी केली तर साखर एकदम खाली येते, घाम, थरथर, चक्कर, कधी बेशुद्धीही. तसे लोक कॅज्युअल्टीत येतात. आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्यायचा, मग खाण्याची वेळ बदलायची. गरोदर बायका, वाढीच्या वयातली मुलं यांनी तर हे करूच नये.

आणि दोनदाच जेवायचं म्हणून त्या दोन वेळांत पुन्हा भाताचाच ढीग असेल तर दादा, डाळ-भाजीचा प्रश्न तिथेच राहिला की.

महालची लेक:
"बायकोला एक मिनिट जास्तीचं काम नाही" हे तुमच्या बायकोने लिहिलं असतं तर मला जास्त पटलं असतं.

वाठोड्याचा:
हे सगळं वाचून मला एक सांगायचंय. माझी आई चार घरी स्वयंपाकाला जाते. ज्या घरी जाते तिथे पनीर, स्प्राउट्स, सॅलड करते आणि आपल्या घरी येऊन भात आणि आलू करते. तिला काय कळत नाही? सगळं कळते, वरच्या लॅबवाल्या ताईंइतकंच बरोबर सांगेल ती. पण रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळते २०२३ पासून, गहू आणि तांदूळ, तूरडाळ नाही मिळत. मग पोट कशाने भरणार? जे फुकट आहे त्यानेच. ८५ ग्रॅम डाळ माणशी म्हणजे आमच्या पाच जणांच्या घरात महिन्याला बारा-तेरा किलो डाळ. एवढी डाळ आमच्या घरात वर्षातून एकदाच दिसते, लग्नात.

काका ज्वारीची भाकर म्हणतात, ज्वारी आता गव्हापेक्षा महाग झाली. पहिले गरिबाचं होतं ते आता मॉलमध्ये मिलेट म्हणून पाकिटात आहे. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं झालं, चांगली गोष्ट आहे, पण वाठोड्याच्या रेशन दुकानात ज्वारी केव्हा येईल ते सांगा. तुमची लढाई घर विरुद्ध बाहेर अशी आहे. आमची तशी नाही. आमच्याकडे जे स्वस्त ते, घरी असो की बाहेर असो.

इतवारीचे काका:
वाठोड्याच्या भाऊ, तुमचं म्हणणं मनाला लागलं. ज्वारी महाग झाली हे खरंय. पण एक सांगतो, चना अजूनही त्यातल्या त्यात परवडते, फुटाणे घ्या, सोबत गूळ नको. चवळी, वाटाणा, मठ, पावशेर भिजवली तर फुगून किती होते. अन् जवस, किराण्यात अजून स्वस्तच मिळते, भाजून मीठ-तिखट-लसूण घालून कुटली की महिनाभर चटणी. पावसाळ्यात तरोटा तर रस्त्याच्या कडेला उगवतो, आमच्या घरी त्याची भाजी आवडीने खात.

वाठोड्याचा:
काका, फुटाणे आम्ही खातोच. तरोटा नाल्याकाठचा आणून खायची हिंमत आता होत नाही, वाठोड्याचा नाला तुम्ही पाहिला असेल.

अजनीवाला:
सगळ्यांचं वाचलं, एकेकाला उत्तर देतो.

काका, बिस्किट घरात आलं म्हणून घरचं झालं काय, हा प्रश्न मला आवडला. पण साबुदाणा तर घरचाच आहे न? उपासाच्या दिवशी साबुदाण्याची उसळ, आलूचा कीस, वरून राजगिऱ्याचा गोड लाडू, म्हणजे उपास आहे म्हणून रोजच्यापेक्षा जास्त स्टार्च पोटात. त्यापेक्षा भगर, दाण्याची आमटी, दही, एखादं संत्रं, हेही उपासाचंच आहे. परंपरेतूनही निवड करावीच लागते. आपल्याच भागात लाखोळी डाळ पिढ्यान्पिढ्या खाल्ली, आणि दुष्काळात रोज तीच खाल्ली की माणसांचे पाय लुळे पडत. तीही जुनी, घरचीच.

मिहानवाल्या भाऊ, तुमच्या पाळीला माझा मुद्दा लागू होत नाही हे मान्य. पण तुम्ही लग्न करून घरी जेवायला लागाल तेव्हा होईल.

वाठोड्याच्या भाऊंना माझ्याकडे उत्तर नाही. रेशनवर डाळ आली पाहिजे, ही मागणी बोर्डांच्या मागणीपेक्षा मोठी आहे, आणि मी ती कुठेही लिहायला तयार आहे.

आता माझ्या घरी काय चालू आहे ते सांगतो. बाबांचं जेवण आम्ही आधी भाजी आणि घट्ट वरण, ती वाटी संपली की मग पोळी, आणि भात शेवटी दोन घास असं केलं. पदार्थ तेच, क्रम बदलला. डाळ-भाजी आधी पोटात गेली की मागून आलेल्या पोळी-भाताची साखर रक्तात हळूहळू चढते. जेवल्यावर बाबा अंगणात पंधरा मिनिटं चालतात, चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतात. मे महिन्यात बाहेर ४५ असते तेव्हा घरातल्या घरात चालतात, हॉल ते किचन. पुढच्या रिपोर्टला आकडा सातच्या आत होता, गोळी तीच होती. आणि ताई, वरणात डाळ दुप्पट टाकायला आईला वेळ जास्त लागला नाही, पैसे लागले.

लॅबवाली:
क्रमाचं अगदी बरोबर. मी त्यात एक जोडते, बायकांसाठी खास. ठेल्यावरच्या दादाची प्लेट मला आवडली, त्यात लिंबू आहे, आणि लिंबातलं सी जीवनसत्त्व चने-पोह्यातलं लोह शोषायला मदत करते. पण आपण काय करतो, शेवटचा घास संपायच्या आत कटिंग हातात. चहातलं टॅनिन तेच लोह अडवून ठेवते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया निघाला. हिमोग्लोबिन ८ घेऊन येणाऱ्या मुली मी रोज पाहते, घरी पालक होतो म्हणतात, आणि जेवणावर लगेच चहा पितात. चहा सोडू नका, तासभर मागे ढकला.

आणि त्या चहात साखर किती? दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅमच्या आसपास. दिवसाला चार कप म्हणजे चाळीस. पोषण संस्था दिवसभरात वीस-पंचवीसच्या वर नको म्हणते. हा चहा घरचाच असतो.

ठेल्यावरचा पोट्टा:
ताई चहा बाजूच्या टपरीवाल्याचा आहे, त्याले तुम्हीच सांगा एक तासाने द्यायले 🙏 पण लिंबाचं आता गिऱ्हाइकाले सांगीन. एक विचारतो, पेपरवर पोहे देऊ नका म्हणतात तं आम्ही कागदी प्लेट घेतली, प्लेटमागे खर्च वाढला. भाव पाच रुपये वाढवला तं लोक समोरच्याकडे जाऊन राहिले, तो अजून पेपरवरच देते. चांगलं करणाऱ्याचं नुकसान होते, याच्यावर कोणी बोलत नाही.

महालची लेक:
मी येईन तुमच्या ठेल्यावर, पाच रुपये जास्त देईन, आणि ऑफिसच्या ग्रुपवर पण टाकते. पेपरच्या शाईत शिसं असते हे लोकांना माहीत नाही म्हणून चालते ते.

अजनीवाल्या दादांना मात्र शेवटचं. तुमच्या घरी क्रम बदलला, डाळ वाढली, चांगलं झालं, पण हे तुमच्याकडे झालं कारण तुम्ही भाजी निवडायला बसले, बाबा ऐकायला तयार झाले आणि डाळीला पैसे होते. तीनही गोष्टी प्रत्येक घरात नसतात. बाहेर मात्र नियम लावला तर तो सगळ्यांना सारखा लागतो, वाठोड्यातल्या पोट्ट्याला पण आणि धरमपेठेतल्या पण. माझ्या मुलीच्या शाळेच्या गेटसमोर रोज सुट्टीच्या वेळी तळणीच्या गाड्या लागतात, रंगीत बर्फाचा गोळा, पाकिटातली चकली, काळ्या तेलातले बोंडे. ती दहा वर्षांची आहे, तिच्या हातात वीस रुपये असतात आणि तिथे मी नसते. त्या गेटवर बोर्डही पाहिजे आणि तेल तपासणारा माणूसही पाहिजे, आणि तुमचं घरच्या ताटाचं कितीही पटलं तरी मी ही मागणी सोडणार नाही.

अजनीवाला:
शाळेच्या गेटचं मान्य. ऑफिसच्या कॅन्टीनमधल्या बोर्डाचं अजून नाही. आमच्याकडे लावलाय तो, त्याच्याखाली उभे राहूनच लोक तिसरा चहा घेतात.

मिहान नाईटशिफ्ट:
आमच्याकडे लावा मग. आमच्यातले दोघं जण तरी कोल्ड्रिंकऐवजी ताक घेतील, मशीनमध्ये ताक ठेवलं तर. सध्या मशीनमध्ये ताकच नाही.